३४ पेजेस आणि एक बेस क्लास : डब्ल्यूपीएफ ॲपमधलं एक प्रकरण

तक्रार एका ओळीची होती, अर्धा तास बसून भरलेला फॉर्म एकदम गायब झाला आणि मागची यादी समोर आली. एरर नाही, लॉगमध्ये काही नाही, ॲप व्यवस्थित चालू. ॲप म्हणजे मालसाठ्याच्या नोंदी ठेवणारं डेस्कटॉप ॲप, डब्ल्यूपीएफमध्ये (विंडोजची डेस्कटॉप ॲप्स बनवायचं मायक्रोसॉफ्टचं फ्रेमवर्क) लिहिलेलं, एक मुख्य विंडो, तिच्यात एक फ्रेम आणि त्या फ्रेममध्ये बदलत राहणारी ३४ पेजेस. डब्ल्यूपीएफ २००६ मध्ये डॉट नेट ३.० सोबत आलं तेव्हापासून ही फ्रेम आणि पेजची पद्धत त्यात आहे, ब्राउझरसारखं मागे-पुढे जाता येतं, इतिहास फ्रेमच सांभाळते, त्यामुळे सुरुवातीला खूप सोपं वाटतं.

दोन दिवस शोधल्यावर कळलं की तक्रार करणाऱ्या बाईंनी बॅकस्पेस दाबलं होतं. त्यांना वाटलं कर्सर रकान्यात आहे, पण फोकस होता शेजारच्या चेकबॉक्सवर, आणि फोकस लिहिण्याच्या रकान्यात नसेल तर डब्ल्यूपीएफची फ्रेम बॅकस्पेसचा अर्थ 'मागे जा' असा घेते. झालं, फ्रेम मागे गेली. मग त्या पुढे आल्या तर फॉर्म रिकामा, कारण आम्ही सगळी पेजेस यूआरआय, म्हणजे पेजचा पत्ता, देऊन उघडत होतो आणि पेजची कीपअलाइव्ह ही प्रॉपर्टी मुळात फॉल्स असते, म्हणजे परत येताना जुनं पेज मिळत नाही, नवा ऑब्जेक्ट बनतो, त्याचं नवं व्ह्यूमॉडेल (पेजवरचा डेटा सांभाळणारा क्लास) बनतं, आणि आधी टाइप केलेलं सगळं जुन्या व्ह्यूमॉडेलबरोबर गेलेलं असतं.

बॅकस्पेस बंद करणं एका ओळीचं काम आहे. नेव्हिगेशनकमांड्सच्या ब्राउझबॅक कमांडला जी इनपुट जेश्चर्स लावलेली असतात ती ॲप सुरू होताना क्लिअर करायची. ते आम्ही त्याच दिवशी केलं. पण खरा प्रश्न तो नव्हता. खरा प्रश्न असा की 'सेव्ह न करता जायचं का?' हे विचारणारा कोड आमच्याकडे होता, बऱ्यापैकी चांगला होता, आणि तो ३४ पैकी २८ पेजेसमध्ये कॉपी केलेला होता. उरलेल्या ६ मध्ये कोणीतरी विसरलं होतं आणि हे पेज त्यातलंच एक.

मग सगळ्या पेजेसचे कोडबिहाइंड, म्हणजे प्रत्येक पेजमागची सी शार्पची फाइल, शेजारीशेजारी उघडून बसलो. चार गोष्टी जिथेतिथे होत्या. सेव्ह न केलेल्या बदलांचा प्रश्न, ह्या वापरणाऱ्याला हे पेज बघायची परवानगी आहे का त्याची तपासणी, काम चालू असताना वर येणारा 'थांबा' चा पडदा, आणि उघडलेली नोंद दुसऱ्याने बदलू नये म्हणून डेटाबेसमध्ये लावलेलं कुलूप. आणि चारही गोष्टी प्रत्येक ठिकाणी किंचित वेगळ्या, कारण ज्याने कॉपी केलं त्याने जाताजाता थोडं सुधारलं, पण ती सुधारणा मागे बाकीच्यांकडे पोचली नाही. टीममधले सगळ्यात अनुभवी सर म्हणाले, "अरे बेस क्लास कर ना एक, सगळी पेजेस त्याच्यावरून घे." म्हणजे सामाईक कोड एका क्लासमध्ये ठेवायचा आणि बाकीच्यांनी तो वारशाने घ्यायचा, इनहेरिट करायचा. मलाही तेच वाटत होतं. काम माझ्याकडे आलं.

पहिला प्रयत्न नवीन माणूस करेल तसाच केला. प्रोजेक्टमध्ये नवीन पेज ॲड केलं, नाव पेजबेस, त्याच्या झॅमलमध्ये (पेज कसं दिसेल ते टॅग्जनी मांडणारी फाइल) वरची पट्टी आणि पडदा मांडला, आणि एका पेजला त्याच्यावरून इनहेरिट करायला गेलो. बिल्डने लगेच अडवलं, एमसी६०१७, जे स्वतः झॅमलने बनवलेलं आहे ते दुसऱ्या झॅमल फाइलचं रूट होऊ शकत नाही. हा डब्ल्यूपीएफचा पक्का नियम आहे, त्यातून पळवाट शोधण्यात वेळ घालवू नका, बेस क्लास हा निव्वळ सी शार्पचा क्लास असला पाहिजे, झॅमल फाइल नसलेला. मी झॅमल फेकून दिलं आणि साधा क्लास लिहिला.

मग पेजच्या कोडबिहाइंडमध्ये 'पेज' च्या जागी 'पेजबेस' लिहिलं आणि सीएस०२६३ हा एरर आला, पार्शल क्लासच्या (दोन फाइल्समध्ये विभागून लिहिलेल्या एकाच क्लासच्या) दोन तुकड्यांचे बेस वेगवेगळे आहेत म्हणून. हा एरर जवळपास प्रत्येकाला एकदा येतोच आणि तो का येतो ते एकदा नीट समजून घेतलं की झॅमलचं निम्मं गूढ जातं. तुम्ही झॅमलमध्ये एक्स:क्लास लिहिता तेव्हा बिल्ड त्या नावाचा दुसरा अर्धा क्लास स्वतः लिहितं आणि ऑब्ज फोल्डरमध्ये ठेवतं, इनिशिअलाइझकंपोनंट त्याच अर्ध्यात असतं. त्या अर्ध्याचा बेस तुमच्या कोडबिहाइंडवरून ठरत नाही, रूट टॅगवरून ठरतो. रूट टॅग 'पेज' असेल तर तो अर्धा पेजवरून, तुमचा अर्धा पेजबेसवरून, आणि एका क्लासला दोन बाप चालत नाहीत. म्हणून रूट टॅगच बदलावा लागतो, वर एक्सएमएलएनएस देऊन 'लोकल:पेजबेस' असं, उघडणारा आणि बंद करणारा दोन्ही. त्यातून एक गोष्ट आपोआप निघते जी आम्हाला बरीच उशिरा लक्षात आली. पेजबेसवर ठेवलेली प्रॉपर्टी रूट टॅगवर लिहिता येते, पण त्या पेजच्या स्वतःच्या कोडबिहाइंडमध्ये ठेवलेली प्रॉपर्टी रूट टॅगवर लिहिता येत नाही, कारण तिथे टॅगचा टाइप पेजबेस आहे आणि त्याला मुलाची प्रॉपर्टी माहीत नाही. आमच्या एका सहकाऱ्याने त्याच्यावर अख्खी दुपार घालवली.

क्लास ॲबस्ट्रॅक्ट, म्हणजे ज्याचा थेट ऑब्जेक्ट बनत नाही असा, केला होता, कारण नुसतं पेजबेस कोणी बनवू नये असं पुस्तकी ज्ञान सांगतं. ॲप चाललं, पण व्हिज्युअल स्टुडिओच्या डिझायनरने हात वर केले. डिझायनर पेज दाखवताना तुमचा क्लास बनवत नाही, त्याच्या बेसचा ऑब्जेक्ट बनवतो आणि त्यात तुमचं झॅमल भरतो, तो बेस ॲबस्ट्रॅक्ट असला तर बनवणार काय. ॲबस्ट्रॅक्ट काढलं. आणि त्याच कारणाने बेसच्या कन्स्ट्रक्टरमध्ये जे काही आहे ते डिझायनरमध्येही चालतं, आमची परवानगीची तपासणी डिझाइन करताना डेटाबेसला हात घालायला जात होती, तिथे डिझायनरप्रॉपर्टीजच्या गेटइज्‌इनडिझाइनमोडने विचारून बाहेर पडावं लागलं.

ही सगळी किरकोळ दुखणी, एका दिवसात संपली.

मग दिसण्याचा गोंधळ. पहिली पाच पेजेस बदलली आणि ती पाचच्या पाच वेगळी दिसायला लागली, पार्श्वभूमीचा रंग गेला, अक्षरांचा साइझ बदलला. मी आधी रिसोर्स डिक्शनरीवर संशय घेतला आणि ते चुकीचं होतं. ॲपच्या रिसोर्सेसमध्ये टार्गेटटाइप पेज असलेली आणि एक्स:की न दिलेली स्टाइल होती, आणि अशी स्टाइल डब्ल्यूपीएफ ऑब्जेक्टचा नेमका टाइप बघून लावतं, बापाचा टाइप बघत नाही. म्हणजे मुळात ती स्टाइल आमच्या कुठल्याच पेजला आपोआप लागत नव्हती! जुन्या पेजेसमध्ये कोणीतरी प्रत्येक रूट टॅगवर स्टाइल हाताने लिहून ठेवली होती आणि मी रूट टॅग बदलताना ती ओळ पुसली. उपाय बेसमध्येच झाला, स्टाइल पेजबेससाठी लिहिली आणि पेजबेसच्या कन्स्ट्रक्टरमध्ये सेटरिसोर्सरेफरन्सने स्टाइल प्रॉपर्टीला पेजबेसच्या टाइपची की जोडली. आता पेजबेसवरच्या सगळ्या पेजेसना स्टाइल एका जागेवरून लागते. बेस क्लासचा फायदा पहिल्यांदा डोळ्याला दिसला तो इथे, आणि खरं सांगतो, फार बरं वाटलं.

त्या बऱ्या वाटण्यातच मी पडदाही बेसमध्ये घातला. लोडेड इव्हेंटमध्ये पेजचा कंटेंट काढायचा, एक ग्रिड बनवायचा, त्यात कंटेंट टाकायचा, त्याच्यावर अर्धपारदर्शक पडदा टाकायचा आणि ग्रिड परत कंटेंट म्हणून लावायचा. चाललं. आठवड्याने कोणीतरी म्हणालं की दोन पेजेसवर पडदा फार काळा दिसतो, आणि जितकं वापरावं तितका जास्त काळा होत जातो. त्या दोन पेजेसवर कीपअलाइव्ह ट्रू होतं. लोडेड हा 'जन्माला आलो' असा इव्हेंट नाहीये, 'झाडात बसलो', म्हणजे स्क्रीनवरच्या कंट्रोल्सच्या रचनेत आलो, असा आहे, तेच पेज दर वेळी परत समोर आलं की लोडेड परत उठतो, आणि माझा कोड प्रत्येक वेळी ग्रिडमध्ये ग्रिड घालत होता. एक फ्लॅग लावून थांबवता आलं असतं, पण तेव्हा पहिल्यांदा मनात आलं की पडदा पेजचा आहेच कशाला, तो खिडकीचा आहे. मुख्य विंडोत फ्रेमच्या वर एकच पडदा ठेवला, एक छोटी सर्व्हिस केली, पेज तिला सांगतं काम सुरू, काम संपलं. बेसमधून ४० ओळी गेल्या.

आता मुख्य गोष्ट, सोडून जातानाचा प्रश्न. इथे मी तीनदा चुकलो आणि तिन्ही चुका लिहितोय, कारण ह्याच ठिकाणी बेस क्लास तुम्हाला तारतो किंवा ३४ जागी एकदम बुडवतो.

डब्ल्यूपीएफच्या पेजमध्ये ऑननॅव्हिगेटेडटू सारखी, पेज समोर आलं की आपोआप बोलावली जाणारी, ओव्हरराइड करायची (मुलाने आपल्यापरीने पुन्हा लिहायची) मेथड नाही. मायक्रोसॉफ्टच्याच दुसऱ्या फ्रेमवर्क्समध्ये, सिल्व्हरलाइटच्या पेजमध्ये ती होती, यूडब्ल्यूपीच्या पेजमध्ये आहे, डब्ल्यूपीएफमध्ये नाही. तिथे तुमच्याकडे नेव्हिगेशनसर्व्हिस असते आणि तिचे इव्हेंट्स, त्यातला नॅव्हिगेटिंग हा इव्हेंट कॅन्सल करता येतो. म्हणून बेसमध्ये लोडेड झाल्यावर नेव्हिगेशनसर्व्हिसच्या नॅव्हिगेटिंगला हँडलर (इव्हेंट आला की चालणारी मेथड) लावायचा आणि अनलोडेडमध्ये काढायचा, असं ठरवलं. कन्स्ट्रक्टरमध्ये लावता येत नाही कारण तेव्हा पेज फ्रेममध्ये बसलेलंच नसतं, नेव्हिगेशनसर्व्हिस नल असते.

पहिली चूक अनलोडेडमध्ये. तिथे परत नेव्हिगेशनसर्व्हिस मागितली, आणि तोपर्यंत पेज फ्रेममधून निघालेलं असतं म्हणून ती पुन्हा नल. मी नल असेल तर सोडून द्या असा साधा इफ लावला होता, त्यामुळे क्रॅश काही झाला नाही, फक्त हँडलर कधीच निघाला नाही. आणि ती सर्व्हिस फ्रेमची आहे, फ्रेममधल्या सगळ्या पेजेसना एकच. म्हणजे पहिल्या पेजचा हँडलर तिथेच लटकलेला, दुसऱ्याचा त्याच्यावर, तिसऱ्याचा त्याच्यावर. चौथ्या पेजवरून बाहेर पडताना पहिल्या पेजने विचारायचं, 'तुमचे बदल सेव्ह नाहीत, जायचं का?' आणि ते पहिलं पेज तर केव्हाच मागे पडलेलं. वापरणाऱ्याला तोच प्रश्न तीनतीनदा, आणि तो कुणाच्या बदलांबद्दल विचारतोय तेही कळायला मार्ग नाही. दुरुस्ती अशी की लोडेडमध्ये मिळालेली सर्व्हिस एका फील्डमध्ये धरून ठेवायची, अनलोडेडमध्ये त्या फील्डवरून हँडलर काढायचा, आणि लोडेड लागोपाठ दोनदा आला तरी दोन हँडलर लागू नयेत म्हणून लावायच्या आधी एकदा काढायचा, जो लावलेला नाही तो काढला तरी सी शार्प काही बोलत नाही.

दुसरी चूक, प्रश्न विचारायला आमचा स्वतःचा सुंदर डायलॉग होता आणि तो असिंक होता, म्हणजे उत्तराची वाट बघताना बाकीचा कोड थांबत नाही. हँडलर असिंक व्हॉइड केला, आत अवेट करून उत्तर घेतलं आणि नको म्हटलं तर कॅन्सल ट्रू केलं. डायलॉग यायचा, माणूस 'थांब' दाबायचा, आणि पेज तरीही गेलेलं असायचं. पहिल्या अवेटला हँडलर परत फिरतो, फ्रेम त्याच क्षणी कॅन्सल बघते, ते फॉल्स असतं, ती निघून जाते, नंतर तुम्ही ट्रू करा नाहीतर काही करा. कॅन्सल हे आधी, एकही अवेट न होता, करावं लागतं. मग प्रश्न विचारायचा, आणि माणूस जातो म्हणाला तर 'आता जाऊ द्या' असा फ्लॅग लावून नेव्हिगेशन परत स्वतः सुरू करायचं. परत सुरू करताना नेव्हिगेशनमोड बघा, बॅक असेल तर गोबॅक करा, सरसकट नॅव्हिगेट केलंत तर मागे जाण्याऐवजी इतिहासात नवीन नोंद पडते आणि मागे-पुढेचा क्रम बिघडतो.

तिसरी चूक, खिडकीचा कोपऱ्यातला क्रॉस. मुख्य विंडो बंद केली तर फ्रेमचा नॅव्हिगेटिंग उठतच नाही, कारण कोणी कुठे नॅव्हिगेट करत नाहीये. इतकी सगळी मेहनत करून जो माणूस सरळ ॲप बंद करतो त्याचा फॉर्म आम्ही तसाच फेकत होतो. आणि त्याच्याच जोडीला कुलपांचा घोळ, नोंदीचं कुलूप मी अनलोडेडमध्ये सोडत होतो, आणि ॲप बंद होताना अनलोडेड येईल असा भरवसा डब्ल्यूपीएफ देत नाही, तसं त्याच्या माहितीपानावरच लिहिलंय, मी वाचलं नव्हतं. संध्याकाळी सगळे ॲप बंद करून जायचे आणि सकाळी अर्ध्या नोंदी 'दुसरं कोणी वापरतंय' म्हणून अडकलेल्या.

ह्या तिसऱ्या चुकीनंतर मी थांबलो. तोपर्यंत पेजबेस ९०० ओळींच्या घरात गेला होता. त्यात बारा बूलियन प्रॉपर्टीज होत्या, 'हे पेज प्रश्न विचारतं का', 'हे पेज कुलूप लावतं का', 'ह्या पेजला परवानगी लागते का', 'रिपोर्ट पेज आहे का', आणि एकमेकींवर अवलंबून. प्रत्येक नवीन पेज आलं की बेसमध्ये एक नवीन इफ. जी कॉपी-पेस्टची अडचण सोडवायला निघालो होतो ती गेली होती, पण तिच्या जागी असं झालं होतं की एका पेजसाठी केलेला बदल दुसऱ्या तेहतिसांना लागायचा, आणि बेसला हात लावायची कोणाची तयारी नव्हती. सर म्हणाले, "बेसमध्ये टाक असं मीच म्हणालो होतो, पण सगळंच टाक असं नव्हतं म्हणालो." बरोबर होतं त्यांचं.

ह्याच काळात ॲप तासन्‌तास चालवलं की जड होतं अशीही तक्रार यायला लागली होती. मेमरीचा स्नॅपशॉट घेतला तर एकाच फॉर्मचे डझनावारी ऑब्जेक्ट जिवंत. बेसच्या कन्स्ट्रक्टरमध्ये मी 'सर्व्हरशी कनेक्शन तुटलं' ह्या इव्हेंटला हँडलर लावला होता आणि तो इव्हेंट ज्या सर्व्हिसवर होता ती ॲप असेपर्यंत जगणारी. इव्हेंट देणारा ऐकणाऱ्याला धरून ठेवतो, त्यामुळे जे पेज एकदा उघडलं ते कधीच गेलं नाही, त्याच्याबरोबर त्याचं व्ह्यूमॉडेल, त्याची यादी, सगळं. आधी ही चूक एखाद्या पेजमध्ये असती तर एकच पेज गळलं असतं. बेसमध्ये केल्यामुळे ३४ च्या ३४ गळत होती. डॉट नेट ४.५ पासून जनरिक वीकइव्हेंटमॅनेजर आहे, त्याने लावलेला हँडलर ऐकणाऱ्याला धरून ठेवत नाही, तो वापरता आला असता, पण आम्ही तो हँडलर पेजमधून काढलाच, कनेक्शनची पट्टी मुख्य विंडोवर नेली.

मग मी यूडब्ल्यूपी हे कसं करतं ते बघायला बसलो आणि एक गोष्ट नीट डोक्यात शिरली. तिथे पेज कोणाला काही चिकटवत नाही. फ्रेम स्वतः पेजला हाक मारते, तू आलास, तू निघालास, निघू का विचारते. पेज फक्त ऐकतं. आमच्याकडे उलटं होतं, प्रत्येक पेज फ्रेमच्या गळ्यात स्वतःचा हँडलर बांधायला जात होतं आणि मग तो सोडायचा कधी ह्याची काळजी करत बसत होतं. हँडलर न निघण्याची पहिली चूक आणि खिडकीच्या क्रॉसची तिसरी, दोन्ही ह्याच एका उलट्या मांडणीतून आलेल्या होत्या.

आणि दुसरी गोष्ट मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या टेम्प्लेट्समध्ये सापडली. व्हिज्युअल स्टुडिओ २०१२ मध्ये विंडोज ८ चं ॲप बनवलं की कॉमन फोल्डरमध्ये लेआउटअवेअरपेज नावाचा बेस क्लास यायचा आणि टेम्प्लेटमधली पेजेस त्याच्यावरून निघायची, मागे जाणं, खिडकीच्या साइझप्रमाणे रूप बदलणं, स्टेट साठवणं हे सगळं त्या एका क्लासमध्ये. २०१३ च्या टेम्प्लेट्समध्ये तो गेला आणि त्याच्या जागी नेव्हिगेशनहेल्पर आला, जो बेस नाहीये, पेज साध्या पेजवरून निघतं आणि हा मदतनीस आपल्याजवळ बाळगतं. त्यांनी तसं का केलं ह्यावर मी काही दावा करत नाही, पण आमच्या ९०० ओळींकडे बघताना तो बदल मला फार ओळखीचा वाटला.

तर दुसरी मांडणी अशी केली. पेजबेसमध्ये फक्त तीन दारं ठेवली. एक 'आत आलो', एक 'जाऊ का', एक 'गेलो'. तिन्ही व्हर्च्युअल, म्हणजे पेजला ओव्हरराइड करता येणारी, आणि बेसमध्ये जवळपास रिकामी, 'जाऊ का' चं मुळातलं उत्तर हो. पेजबेस कुठल्याही इव्हेंटला हात लावत नाही, लोडेडलासुद्धा नाही. हाक मारायचं काम मुख्य विंडोचं. तिने फ्रेमच्या नॅव्हिगेटिंग आणि नॅव्हिगेटेड ह्या दोन इव्हेंट्सना एकेकदाच हँडलर लावला आहे, ॲप सुरू होताना, आणि तो कधी काढायचा नाहीच कारण विंडो आणि फ्रेम दोघी बरोबरच संपतात. नॅव्हिगेटिंग आला की विंडो फ्रेमचा आत्ताचा कंटेंट पेजबेस आहे का बघते, असेल तर आधी कॅन्सल करते, मग 'जाऊ का' ला अवेट करते, हो आलं तर परत पाठवते. नॅव्हिगेटेडमध्ये जुन्याला 'गेलो' आणि नव्याला 'आत आलो'. विंडोच्या क्लोजिंग इव्हेंटमध्येही तीच मेथड, तीच कॅन्सल करून परत बंद करायची पद्धत, आणि बंद होण्याआधी 'गेलो' ला हाक, म्हणजे कुलूप अनलोडेडच्या भरवशावर राहत नाही. मशीनच अचानक बंद पडलं तर अर्थात काहीच चालणार नाही, त्यासाठी कुलपांना डेटाबेसमध्ये मुदत लावली आहे, तो ह्या क्लासचा विषय नाही.

ही दारं बनवताना एक लहान निर्णय घेतला ज्याने पुढे खूप वाचलं. विंडो थेट ह्या दारांना बोलावत नाही, ती जी मेथड बोलावते ती व्हर्च्युअल नाही. ती आधी बेसची स्वतःची कामं करते आणि मग एका रिकाम्या व्हर्च्युअल मेथडला बोलावते, पेजेस ती ओव्हरराइड करतात. आधीच्या मांडणीत पेजने ओव्हरराइड करताना बेसला बोलवायचं विसरलं की परवानगीची तपासणी गुपचूप निघून जायची, कंपायलर काही सांगत नाही. आता विसरायला काही ठेवलेलंच नाही.

व्हर्च्युअलवरून आठवलं, पहिल्या मांडणीत बेसचा कन्स्ट्रक्टर 'तयारी करा' अशी व्हर्च्युअल मेथड बोलवायचा आणि एका पेजमध्ये त्यात ग्रिडचा एक कॉलम लपवला होता. नलरेफरन्स. सी शार्पमध्ये बेसचा कन्स्ट्रक्टर आधी पूर्ण होतो, मग मुलाचा, आणि इनिशिअलाइझकंपोनंट मुलाच्या कन्स्ट्रक्टरमध्ये असतं, म्हणजे बेसमधून हाक येते तेव्हा झॅमलमधलं नाव दिलेलं एकही कंट्रोल जन्माला आलेलं नसतं. बेसच्या कन्स्ट्रक्टरमधून व्हर्च्युअल बोलवू नये हे सगळे सांगतात, झॅमलच्या पेजमध्ये त्याची किंमत पहिल्याच दिवशी मोजावी लागते.

बाकीच्या गोष्टी बाहेर गेल्या. परवानगी कुठली लागते ते पेजवर ॲट्रिब्यूट म्हणून लिहिलं जातं, तपासते मुख्य विंडो. कुलपाचा वेगळा छोटा क्लास, ज्या नऊ पेजेसना लागतो ती तो स्वतःजवळ ठेवतात आणि 'गेलो' मध्ये सोडतात. बदल झालेत का हे व्ह्यूमॉडेलला विचारलं जातं, पेजला नाही. व्ह्यूमॉडेलचा टाइप बेसला जनरिक करून, म्हणजे प्रत्येक पेजने आपला टाइप भरायचा अशी जागा ठेवून, द्यावा का ह्यावर आमच्यात बरीच चर्चा झाली, डब्ल्यूपीएफमध्ये रूट टॅगवर एक्स:टाइपआर्ग्युमेंट्स लिहून ते करता येतं, पण झॅमल वाचायला जड होतं आणि पुढेमागे यूडब्ल्यूपीसारख्या दुसऱ्या फ्रेमवर्ककडे जायचं झालं तर तिथल्या झॅमलमध्ये ते चालत नाही, मधे एक जनरिक नसलेला क्लास घालावा लागतो. आम्ही साधा इंटरफेस ठेवला.

कोणी विचारेल की मग बेस क्लास तरी कशाला, नुसता इंटरफेस पुरला असता. जवळपास पुरला असता, हे मान्य. पण स्टाइलची जोडणी, रूट टॅगवर लिहिता येणारी शीर्षकाची प्रॉपर्टी, आणि ती व्हर्च्युअल नसलेली मेथड, ह्या तीन गोष्टी इंटरफेसने नीट झाल्या नसत्या, आणि तेवढ्यासाठी एक इनहेरिटन्स खर्च करणं मला पटतं. पेजबेस आता साधारण सव्वाशे ओळींचा आहे.

जुनी पेजेस एकदम बदलली नाहीत. मुख्य विंडो 'कंटेंट नवा पेजबेस आहे का' असं विचारते, नसेल तर गप्प बसते, त्यामुळे जुनी आणि नवी पेजेस एकाच फ्रेममध्ये सुखाने राहू शकली. सगळ्यात आधी ती सहा घेतली ज्यांच्यात प्रश्न नव्हताच, मग कुलूपवाली नऊ, मग उरलेली. प्रत्येक पेजला चार गोष्टी हाताने करून बघितल्या, बदल करून मागे जा, बदल करून पुढे जा, बदल करून खिडकी बंद करा, आणि प्रश्नाला 'थांब' म्हणून टाइप केलेलं तसंच आहे का बघा. दोन पेजेस ह्या नव्या मांडणीत साधी पेज म्हणून ठेवली आहेत, लॉगिन आणि छपाईआधीचं दर्शन, त्यांना सेव्ह करण्यासारखं काही नाही आणि तीन दारांपैकी एकही लागत नाही.

शेवटून दुसरं पेज बदललं ते त्या बाईंच्या तक्रारीतल्या फॉर्मशेजारचं, त्याच मोड्यूलमधलं. तो फॉर्म पहिल्या सहांमध्येच झाला होता. त्यांना फोन करून सांगितलं की आता चुकून मागे गेलात तर ॲप आधी विचारेल, तेव्हा त्या म्हणाल्या, "विचारतं हो, कालच विचारलं, मी थांब म्हणाले."